तीस मीटर पाणी, साडेतीन मिलिमीटर घड्याळ

घड्याळाच्या पाठीमागच्या झाकणावर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं : वॉटर रेझिस्टंट, ३० मीटर. भोकरदन तालुक्यात, पूर्णेच्या काठच्या केदारखेड्यात हा आकडा मोजून पाहायला निघालं तर विहिरी कमी पडतील. आपल्याकडची खोदलेली विहीर साधारण पन्नास-साठ फुटांची. ३० मीटर म्हणजे ९८ फूट. आणि घड्याळ कुठलं, तर लग्नात मिळालेलं. सोनेरी कड, चामड्याचा पट्टा, मनगटावर जाणवणारही नाही इतकं पातळ. एरवी कपाटात, आणि लग्नकार्याला किंवा जालन्याला जायचं असलं की हातात. हात धुतानाही ज्याला जपायचं, त्याच्या पाठीवर गावच्या विहिरीला पुरून उरेल एवढी खोली लिहिलेली असते. गंमत म्हणजे तो आकडा खोटा नाही. मात्र तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

दर दहा मीटर पाण्यामागे दाब साधारण एक बारनं वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार. तीस मीटरला तीन बार. ३२ मिलिमीटर व्यासाच्या काचेचं क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटर भरतं, तेव्हा एकट्या काचेवर चोवीस किलोंचा रेटा आला. सोयाबीनचं निम्मं पोतं काचेवर ठेवल्यासारखंच ते. पाठीमागच्या झाकणावरही तितकाच. एवढ्या रेट्याखाली वाकलेलं झाकण आत फिरणाऱ्या चाकांना टेकलं तर घड्याळ थेंबभर पाणी न शिरताही बंद पडेल.

इथे पातळपणा महागात पडतो. गोल पत्रा दाबाखाली किती वाकेल, हे त्याच्या जाडीच्या घनावर ठरतं. जाडी निम्मी केली की वाकणं दुप्पट होत नाही, आठपट होतं. म्हणून पाणबुड्याचं जाडजूड घड्याळ ३०० मीटर सोसतं यापेक्षा, कागदी लिफाफ्यात मावेल असं घड्याळ ३० मीटर सोसतं याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

असं एक घड्याळ आपल्या देशात झालं. टायटननं २००२ साली ‘एज’ बाजारात आणलं, होसूरच्या कारखान्यातून. कंपनीचे पहिले व्यवस्थापकीय संचालक झर्क्सिस देसाई यांनी पातळ घड्याळाचा ध्यास घेतला होता. एजची जाडी अवघी ३.५ मिलिमीटर. आतलं मशीन १.१५ मिलिमीटर. उरलेल्या २.३५ मिलिमीटरमध्ये काच, तबकडी, काटे, मागचं झाकण आणि काटे काचेला घासू नयेत म्हणून सोडलेली फट, एवढं सगळं. त्यातच पाणी अडवणारं रबरही बसवायचं. शिवाय लिहायचं ३० मीटर! आपल्या लोकांनी केलेल्या कामात हे काम मी फार वरच्या जागी ठेवतो. त्या मानानं जगातली सर्वांत पातळ म्हणवणारी घड्याळं पाहा : बुल्गारीचं २०२२ सालचं १.८ मिलिमीटरचं घड्याळ पाण्याच्या बाबतीत १० मीटरवर थांबतं.

पाणी आत शिरायच्या वाटा तीनच. काचेची कड, मागच्या झाकणाचा सांधा, आणि चावीची दांडी जिथून आत जाते ते भोक. पहिल्या दोन जागा हलत नाहीत, त्यांचा बंदोबस्त सोपा. तिसरी अवघड, कारण चावी फिरायलाही हवी, ओढायलाही हवी, आणि त्याच वेळी पाणी अडायलाही हवं. जुन्या पातळ घड्याळांत झाकण बहुधा नुसतं दाबून बसवलेलं असे. त्यानं धूळ अडायची, पाणी नाही. मुंबईत १८८६ पासून ज्यांचं नाव चालत आलं त्या वेस्ट एंडच्या घड्याळांपासून एचएमटीपर्यंत, आपल्या आज्या-पणज्यांनी पावसाळ्यात घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं, त्याला कारण होतं.

चावीच्या भोकावर लोकांना पटेल असा उपाय दाखवला तो रोलेक्सनं, १९२६ च्या ‘ऑयस्टर’मध्ये : चावीच स्क्रूसारखी पिळून घट्ट बसवायची. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झे ही इंग्लिश खाडी पोहायला उतरली तेव्हा हे घड्याळ तिच्या गळ्यात होतं. गारठ्यामुळे तिला त्या दिवशी पैलतीर गाठता आला नाही, पण दहा तासांहून अधिक पाण्यात राहूनही घड्याळ चालू होतं. पातळ, शोभेच्या घड्याळात पिळायची चावी सहसा बसवत नाहीत. तिथे सगळा भार एका बारीकशा रबरी कड्यावर असतो.

त्या कड्याकडे नीट बघायला हवं. घड्याळजी मागचं झाकण उघडतो तेव्हा कडेच्या खाचेत काळा, केसासारखा धागा दिसतो. चिमट्यानं उचलला की कळतं, गोल अंगाचं रबर आहे. निल्स क्रिस्टेन्सन या डॅनिश वंशाच्या अमेरिकी माणसाला अशा गोल अंगाच्या कड्याचं पेटंट १९३९ साली मिळालं. त्यातली खुबी अशी की, पाणी जितकं जोरानं ढकलेल तितकं रबर फटीत जास्त दबतं आणि फट अधिक घट्ट मिटते. हल्ला करणाऱ्याचंच बळ पहारेकरी वापरतो. मात्र रबर ताजं आणि लवचीक असेपर्यंतच. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलेलं रबर चपटं होतं आणि मूळ आकाराला परत येत नाही.

म्हणून ३० मीटर हा आकडा नव्या घड्याळाचा, आणि तोही परीक्षेतला. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २२८१० मध्ये या परीक्षा दिलेल्या आहेत. घड्याळ दहा सेंटिमीटर पाण्यात तासभर ठेवायचं. चावीवर आडवा जोर देऊन दहा मिनिटं बुडवायचं. ४० अंशांच्या पाण्यातून २० अंशांच्या, आणि पुन्हा ४० अंशांच्या पाण्यात टाकायचं. लिहिलेला दाब दहा मिनिटं द्यायचा. शेवटी पाणी शिरलं की नाही हे ओळखायची रीत तर कुणीही घरी समजू शकेल अशी आहे : घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तव्यावर तापवायचं, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटभरानं कोरड्या फडक्यानं पुसायचा. आतून काचेवर वाफ धरली असेल तर घड्याळ नापास.

एक समज सगळीकडे ऐकू येतो. पोहताना हात आपटल्यानं दाब इतका वाढतो म्हणे, की ३० मीटरचं घड्याळ वावभर पाण्यातही टिकत नाही. हिशोब करून पाहा. हात सेकंदाला पाच मीटर वेगानं पाण्यातून ओढला तरी त्या वेगाचा दाब सव्वा मीटर खोलीइतकाच भरतो. विहिरीच्या काठावरून पंधरा-सोळा फूट खाली उडी मारली तर वेग सेकंदाला दहा मीटर, दाब पाच मीटर खोलीइतका. पाण्यावर सपाट आपटतानाचा क्षणभराचा तडाखा याहून बराच मोठा असू शकतो, तो वेगळा. पण साध्या पोहण्यानं तीन बार होत नाहीत.

मग मे महिन्यात विहिरीवरून आल्यावर काच का धुरकटते? त्याचं उत्तर खोलीत नाही, उन्हात आहे. रानातून चालत आलेल्या माणसाच्या हातातलं धातूचं घड्याळ उन्हानं ४७ अंशांपर्यंत तापलं असं धरू. विहिरीचं पाणी २७ अंशांच्या आसपास. घड्याळ बुडालं की आतली हवा गार होऊन आकसते आणि तिचा दाब सहा टक्क्यांनी उतरतो. म्हणजे साठेक सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतकी ओढ आतून सुरू होते. त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडते. रबर पोलादाच्या साधारण दहापट वेगानं आकसतं. ओढ सुरू व्हायला आणि कडं ढिलं पडायला एकच वेळ साधते. नव्या कड्याला हे काहीच नाही. जुनं, चपटं कडं मात्र इथे हरतं, आणि घड्याळ चक्क पाण्याचा घोट घेतं. मानकातली गरम-गार पाण्याची परीक्षा याचसाठी आहे.

घोट किती लहान असतो, हेही पाहण्यासारखं आहे. ३० अंशांना एक घन सेंटिमीटर हवेत जास्तीत जास्त ३० मायक्रोग्रॅम वाफ मावते. पाण्याचा साधा थेंब भरतो ५० हजार मायक्रोग्रॅम. पातळ घड्याळात मोकळी हवा जेमतेम एक घन सेंटिमीटरच असते, म्हणजे एका थेंबात अशा दीड हजारावर घड्याळांतली हवा वाफेनं गच्च भरेल. यातूनच एक नवल घडतं. श्रावणात, बाहेर रिमझिम असताना, दुकानात घड्याळाचा सेल बदलला. घड्याळजीनं झाकण बसवलं तेव्हा पावसाळी, दमट हवाही आत बंद झाली. मार्गशीर्षातल्या पहाटे खिडकीत ठेवलेलं घड्याळ १२ अंशांपर्यंत उतरलं, की त्या हवेला आता तिच्या वाफेपैकी निम्मीही पेलवत नाही. काचेवर आतून पुसटसं धुकं दिसू शकतं. घड्याळ कुठेही गळलेलं नसतं, श्रावणातलीच वाफ असते ती.

आता साबण. साधं पाणी बारीक, तेलकट फटीत सहज शिरत नाही, कारण पृष्ठताण त्याला बाहेर धरून ठेवतो. साबण तो ताण निम्म्याहून खाली आणतो. त्यामुळे पावसात निभावलेलं घड्याळ न्हाणीघरात दगा देतं, आणि तिथे गरम पाणीही असतं. आपल्या भागात याहून वाईट गोष्ट म्हणजे कपाशीवरची फवारणी. पाण्यात मिसळताच दुधाळ होणाऱ्या कित्येक औषधांत झायलीनसारखे द्रावक असतात. घड्याळात सर्रास वापरलं जाणारं नायट्राइल रबर त्यांनी फुगतं आणि बिघडतं. फवारणीला जाताना घड्याळ घरीच काढून ठेवावं, स्वस्तातलं असलं तरी.

काचेवर आतून वाफ दिसली आणि दिवसभरात गेली नाही, तर घड्याळ उन्हात तापवू नका. तापवल्यानं पाणी बाहेर जात नाही, वाफ होऊन मशीनभर पसरतं. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. चाकांच्या पोलादी आसांची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात, आणि घामाचं खारट पाणी लागलं की गंज धरायला त्यांना फार दिवस लागत नाहीत. एरवीही दर वेळी सेल बदलताना कडंही बदलून घ्या, त्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायला सांगा, आणि दुकानात हवेच्या दाबाचं तपासणी यंत्र असेल तर झाकण बसवल्यावर एकदा त्यात घालायला लावा. चावी मात्र आत दाबलेली आहे ना, हे आधी स्वतः बघा. ती बाहेर ओढलेली राहिली तर तीस मीटरचं घड्याळ हात धुण्याच्याही कामाचं नाही.