हार्ड डिस्क भिजली तर वाळवू नका, टकटक वाजली तर चालू ठेवू नका

पेडणे / डिचोली : ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पाऊस आणि तिळारी धरणातून सोडलेलं पाणी एकाच वेळी खाली आलं, तेव्हा शापोरा नदीने डिचोली तालुक्यातल्या साळ गावात आणि पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागात घरांमध्ये शिरकाव केला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सांगितलं होतं. पाणी ओसरल्यावर भिंत, भातशेती, फ्रीज, पंप यांचं नुकसान मोजता येतं. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला कॉम्प्युटरचा डबा मात्र भंगाराच्या भावाने मोजला जातो. त्यात दुकानाची चार वर्षांची टॅली होती की मुलीच्या लग्नाचं शूटिंग होतं, हे बाहेरून दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे, बऱ्याच वेळा हा डेटा पुराच्या पाण्यात जात नाही. तो जातो पाणी ओसरल्यानंतरच्या दोन दिवसांत, घरच्या घरी केलेल्या उपायांनी. डबा नळाखाली धुवायचा, उन्हात ठेवायचा, हेअर ड्रायर मारायचा, कोणी सांगितलं म्हणून तांदळाच्या डब्यात घालायचा आणि मग "बघूया तरी चालतो काय" म्हणून प्लग लावायचा. या शेवटच्या पायरीवर वाचण्यासारखी डिस्क कायमची जाते.

असं का होतं, हे समजायला डिस्कच्या आत डोकावायला हवं. आत काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. लॅपटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, डेस्कटॉपमधली ७,२०० वेळा. तिच्यावरून वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीला टेकत नाही. फिरणाऱ्या तबकडीमुळे तयार होणाऱ्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस जाडीला साठ-सत्तर हजार नॅनोमीटर भरतो. म्हणजे हेडच्या दृष्टीने धुळीचा साधा कणसुद्धा वाटेत पडलेला धोंडाच. त्यात नदीचा गाळ असेल तर बोलायलाच नको.

डिस्क बाहेरून बंद दिसते, पण साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा ठेवण्यासाठी एक बारीक छिद्र असतं. हे छिद्र झाकू नका, असं लेबलवर लिहिलेलंही असतं. पुरात बुडालेल्या डिस्कमध्ये पाणी तिथूनच शिरतं. पाणी सुकलं की त्यातला गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात, हेडही तबकडीला चिकटू शकतं. त्यानंतर वीज दिली की मोटर जोर लावते आणि हेड तो गाळ तबकडीवर घासत फिरतं. चुंबकीय थर खरवडला गेला की तिथला डेटा जगातल्या कुठल्याच लॅबमध्ये परत मिळत नाही. म्हणून या कामातले जाणकार जे सांगतात ते ऐकायला उलटं वाटतं : भिजलेली डिस्क वाळवू नका. ती डब्यातून काढा, ओलसर कपड्यात गुंडाळा, हवा जाणार नाही अशा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि लवकरात लवकर लॅबकडे पाठवा. पाणी पुराचं होतं, गटाराचं होतं की खारं होतं, तेही चिठ्ठीवर लिहून द्या. खाऱ्या पाण्याने धातू लवकर गंजतो, त्यामुळे तिथे दिवस मोजून चालत नाही, तास मोजावे लागतात.

आवाज ऐका

पूर वर्षातून एखाद्या वेळी येतो. बाकीच्या दिवसांत दुकानात येणारी तक्रार वेगळी असते. "काल रात्री व्यवस्थित बंद केला होता, सकाळी चालूच होईना." अशा वेळी डिस्क कानाजवळ धरून एकदाच, काही सेकंद ऐकायचं. ठरावीक अंतराने टक... टक... असा आवाज येत असेल तर हेडला आपली जागा सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा टोकाला जाऊन परत येतंय. बारीक किरकिर किंवा गुणगुण असेल आणि तबकडी फिरत नसेल तर मोटर अडकली आहे किंवा हेड चिकटलंय. दोन्ही वेळा एकच काम : वीज बंद. पुन्हा चालू करून बघायचं नाही. जितके वेळा चालू कराल तितका ओरखडा वाढतो.

काहीच आवाज नाही, डिस्क अगदी गार, असं असेल तर बऱ्याचदा दोष खालच्या हिरव्या सर्किट बोर्डात असतो. मे महिन्यातल्या वळिवाच्या विजा आणि परतीच्या पावसातला गडगडाट आपल्याकडे नवीन नाही. वीज जाते, येते आणि येताना दणका देते. बोर्ड जळणं हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, कारण तबकड्या शाबूत असतात. पूर्वी त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावला की डिस्क चालायची. आता तसं होत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं बोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेली असतात. ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवावी लागते. हे काम जमणारा कारागीर म्हापशात किंवा सावंतवाडीतही मिळू शकतो, पण 'आधी बोर्ड बदलून बघतो' म्हणणाऱ्याला चिपचं काय करणार ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर डिस्क परत घ्या.

डिस्कचं झाकण उघडून दाखवणारे व्हिडीओ मोबाइलवर भरपूर आहेत. पाहायला हरकत नाही. करायला आहे. हेड बदलण्याचं काम ज्या स्वच्छ खोलीत होतं, तिथल्या एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरपेक्षा जास्त चालत नाहीत. बाजारातल्या, पंखा फिरणाऱ्या दुकानात हे कसं जमणार? अशा लॅब मुंबई, पुणे, बेंगळुरूसारख्या शहरांत आहेत. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना तोडगाही सोडून द्यावा. आपल्या दमट हवेत ती बाहेर काढताच आतून घाम धरते.

डिस्क ठीक, पण फाइल गेली

खरं तर सगळ्यात जास्त डेटा जातो तो 'फॉरमॅट मारल्यामुळे'. कॉम्प्युटर हळू झाला, रिपेररने विंडोज नव्याने टाकली आणि सी ड्राइव्हमधला टॅलीचा फोल्डर त्यासोबत गेला. बऱ्याच कॉम्प्युटरवर टॅलीचा डेटा सी ड्राइव्हमध्येच असतो, हे मालकाला माहीत नसतं आणि रिपेरर विचारत नाही. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइलसुद्धा सी ड्राइव्हमध्येच असते.

फाइल डिलीट केली म्हणजे ती लगेच पुसली जात नाही. वहीच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडलं, पण धड्याची पानं वहीतच राहिली, असा तो प्रकार. क्विक फॉरमॅट म्हणजे नवीन कोरी अनुक्रमणिका लावली एवढंच. पण आता ती पानं 'रिकामी' समजली जातात आणि कॉम्प्युटर त्यांच्यावर नवीन काहीही लिहू शकतो. एकदा त्यावर लिहिलं गेलं की जुना मजकूर गेला. विंडोज नव्याने टाकणं म्हणजे त्या पानांवर काही जीबी मजकूर लिहिणं. म्हणून चूक लक्षात आली की त्या कॉम्प्युटरवर पुढे काहीच करायचं नाही. डेटा शोधणारं सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर उतरवायचं नाही. बहुतेकजण नेमकं तेच करतात. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि मिळालेला डेटा तिसऱ्या जागी साठवायचा.

टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन मोफत सॉफ्टवेअर या कामासाठी जगभर वापरली जातात. पहिलं हरवलेलं पार्टिशन शोधतं. दुसरं अनुक्रमणिकेकडे न बघता प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून फाइल बाहेर काढतं. त्यामुळे फोटो चांगले परत येतात, पण फाइलची मूळ नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. लग्नाच्या दोन हजार फोटोंना नाव नसलं तरी चालतं. टॅलीत एका कंपनीचा हिशेब अनेक फाइलींत वाटलेला असतो, तिथे नावं आणि फोल्डर गेले की जुळवाजुळव कठीण होते.

स्क्रीनवर 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असा प्रश्न आला तर 'नाही' म्हणा. डिस्क खराब व्हायला लागली असेल तर विंडोजची दुरुस्तीची आज्ञाही चालवू नका. ती आज्ञा अनुक्रमणिका नीट करायला बघते, तुमच्या फाइली वाचवायला नाही. अशा डिस्कची आधी प्रतिमा म्हणजे जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतात. डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेला भाग शेवटी घेतं आणि कुठवर पोचलो ते एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. मरणाऱ्या डिस्ककडून आधी सोपं काम करून घ्यायचं. शोधाशोध नंतर त्या नकलेवर करायची.

एसएसडीचं गणित वेगळं आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे टकटक नाही आणि पूर्वसूचनाही बऱ्याचदा नाही. डिलीट केलेल्या जागा ती मोकळ्या वेळात स्वतःच साफ करते, म्हणून तिथे परत मिळण्याची शक्यता फार कमी. नव्या लॅपटॉपमध्ये डेटा आपोआप कुलूपबंद केलेला असू शकतो. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कुठे आहे, हे आजच बघून ठेवा. ती नसेल तर लॅबने डिस्क जिवंत केली तरी हाती काही लागत नाही.

आकाशातून पडलेली डिस्क

डेटा किती चिवट असतो याचं उदाहरण अंतराळातून आलेलं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटलं. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले. यानावरच्या झेनॉन वायूच्या प्रयोगाची ४०० एमबीची हार्ड डिस्क काही महिन्यांनी आटलेल्या तळ्यात सापडली. जळालेली, सील वितळलेलं, आत धूळ. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक कंपनीतल्या जॉन एडवर्ड्स यांनी तबकड्या साफ करून नव्या डिस्कमध्ये बसवल्या आणि ९९ टक्के डेटा बाहेर काढला. नशिबाचा भाग होताच. डिस्क अर्धीच भरलेली होती आणि खराब झालेल्या भागावर डेटा नव्हता. पण लॅबमध्ये पोचेपर्यंत तिला कोणी प्लग लावून पाहिलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

लॅबला देताना

डिस्क बबल रॅपमध्ये नीट बांधा आणि हातात न्या. स्कूटरच्या डिकीत टाकून खड्ड्यांतून नेऊ नका. तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तरी ते द्यावे लागतील का, आधी फाइलींची यादी दाखवणार का, हे कागदावर घ्या. डिस्क दुसऱ्या कोणी उघडली असेल तर लपवू नका. दर ऐकून डोळे फिरतात, तेव्हा आधी स्वतःला विचारावं की नेमकं काय परत हवंय.

व्यापाऱ्यांचा बराच हिशेब डिस्कशिवायही उभा राहतो. भरलेली जीएसटी रिटर्न, पुरवठादारांनी दाखवलेली बिलं आणि ई-वे बिलं सरकारी पोर्टलवर असतात, बँकेचं स्टेटमेंट बँकेकडे असतं. अकाउंटंटकडे गेल्या वर्षीची टॅली असते. रोखीची विक्री, उधारीची वही आणि स्टॉक मात्र कुठेच सापडत नाही. घरच्या गोष्टींत तर सगळंच एकमेव. पेडण्याच्या पुनवेचं किंवा गावच्या दशावतारी नाटकाचं जुनं शूटिंग असेल तर कपाटात मूळ कॅसेट आहे का बघा. ती असेल तर लॅबचा खर्च वाचेल.

बॅकअप ही आता नुसती हौस राहिलेली नाही. केंद्रीय जीएसटी नियमांतला नियम ५७ सांगतो की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील असा इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवायला हवा. वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने नोंदी जपायच्या असतात. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबांचा बॅकअप रोज घ्यावा लागतो, तोही देशातल्या सर्व्हरवर. कॉम्प्युटर पाण्यात गेला, हे कारण अधिकारी ऐकून घेईल, पण पुढचा प्रश्न बॅकअप कुठे आहे हाच असेल.

बॅकअप म्हणून घेतलेली दुसरी डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवली तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. नदीकाठच्या दुकानदाराने ती वरच्या वाड्यावरच्या नातेवाइकाकडे ठेवावी, किंवा रोजची टॅली ऑनलाइन ड्राइव्हवर टाकावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. पिवळी खूण दिसली की त्याच दिवशी नक्कल घ्या, पगाराची वाट बघू नका. आणि मृगाआधी सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर खरोखर उघडते का तेही त्याच दिवशी बघून घ्या.