हस्ताक्षर गेलेली वही

सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापक पाहावयाचा, त्याच्या बाटलीत साठलेले पाणी मापपात्रात ओतून मिलिमीटरांचा आकडा वाचावयाचा, आणि आदल्या दिवशीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेला सगळा पाऊस आजच्या तारखेस लिहावयाचा, हा हवामान खात्याने घालून दिलेला शिरस्ता, १२७ मिलिमीटर व्यासाचे नरसाळे असलेला सायमन्सचा साधा पर्जन्यमापक जेथे जेथे उभा आहे तेथे तेथे पाळला जातो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेच्या दप्तरात हा आकडा रोज लिहिला जातो. त्याच्या जोडीला विहिरींची पातळी, हातपंपांच्या दुरुस्त्या आणि उन्हाळ्यातील टँकरच्या खेपा यांच्याही नोंदी असतात. या नोंदींचे लॉगबुक कागदावरून संगणकावर आले, आणि त्या संगणकात शिरण्याचाच मामला अडला, तेव्हा तो सोडविण्याच्या कामी मला बोलावणे आले.

अशी वही ठेवण्याचे प्रयोजन या प्रदेशात निराळे सांगावे लागत नाही. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा, १९५७ सालचे मोडकसागर आणि त्यांच्या पुष्कळ मागाहून आलेले भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्याच्या पोटात आहेत, आणि तरीही चैत्र-वैशाखात याच तालुक्यातील पाड्यांवर हंडे घेतलेल्या बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात. मुरबाडच्या बाजूस बारवी धरण आहे. त्याचे पाणीही मुख्यतः औद्योगिक वसाहतींकडे आणि शहरांकडे वाहते. अशा ठिकाणी ‘आमची विहीर अमुक दिवशी आटली’ असे तहसील कचेरीत तोंडाने सांगणे आणि तारीखवार नोंद पुढे ठेवून सांगणे यांतील अंतर तेथे अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसालाच कळते.

कागदी वहीत नोंद कोणाची हा प्रश्न कधी उद्भवत नसे. किन्हवलीकडच्या कार्यकर्त्याचे अक्षर उजवीकडे कललेले, सरळगावच्या ताईंचा सात हा इंग्रजी वळणाचा, मुरबाडच्या वृद्ध कारकुनांची मोडीच्या संस्कारातून आलेली लांब रेघ. वही चाळणाऱ्यास शेऱ्याखाली सही नसली तरी इसम ओळखू येई. संगणकावर सर्वांचे अक्षर एकच झाले, आणि हस्ताक्षर जे काम निमूटपणे करीत होते ते करण्यासाठी नाव व पासवर्ड यांची योजना करणे प्राप्त झाले. लॉगिन म्हणजे चोरास अटकाव, अशी सर्वसाधारण समजूत असते. पावसाचे आकडे चोरण्यास कोण येणार? येथे लॉगिनचे खरे काम, लिहिणाराने काय लिहिले याची जबाबदारी त्याच्या नावे बांधणे, एवढेच होते.

संस्थेने निवडलेला प्रोग्राम ‘ईलॉग’ हा होय. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेतील श्टेफान रिट यांनी तो लिहिला, आणि प्रयोगशाळांतून रात्रपाळीचे शास्त्रज्ञ आपापल्या यंत्रांचा रोजनामा त्यात लिहीत आले आहेत. भौतिकशास्त्राच्या प्रयोगासाठी घडलेली वही शहापूरच्या हातपंपांना लावावी यात वरवर विसंगती दिसते. परंतु तो प्रोग्राम लहान आहे, स्वतःच वेब सर्व्हरचे काम करतो, त्यास वेगळा डेटाबेस लागत नाही, आणि प्रत्येक दिवसाच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात, ज्या उद्या ईलॉग नाहीसा झाला तरी कोणत्याही संगणकावर वाचता येतील. तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर तो सुखाने नांदतो. परक्याच्या सर्व्हरवर दप्तर न ठेवता आपल्याच कचेरीच्या फळीवर ते ठेवावे, हा संस्थेचा आग्रह मला पटण्यासारखा वाटला. फक्त त्या आग्रहाची किंमत अशी की, बिघाड झाला म्हणजे दाद मागावयास दुसरे कोणी उरत नाही.

त्याची सारी व्यवस्था एका संरचनेच्या फाइलीत लिहिलेली असते. आरंभी सर्व वह्यांना लागू होणारा ‘ग्लोबल’ नावाचा विभाग, त्याखाली एकेका वहीचा स्वतंत्र विभाग. ‘पासवर्ड फाइल’ ही ओळ ग्लोबल विभागात घातली की सर्व वह्यांचे खातेदार एकाच यादीतून ओळखले जातात. ती प्रत्येक वहीत निरनिराळी घातली की याद्याही निरनिराळ्या होतात, आणि पावसाच्या वहीत मान्य असलेला गृहस्थ टँकरच्या वहीत अनोळखी ठरतो. संस्थेच्या फाइलीत, मागे कोणा स्वयंसेवकाने घाईने मांडणी करून दिल्यामुळे, दोन्ही प्रकार एकमेकांवर चढलेले होते. हा गुंता उलगडण्यास फारसे श्रम पडले नाहीत: एकच यादी ठेवली, आणि कोणत्या वहीत कोणास प्रवेश आहे ते ‘लॉगिन युजर’ या ओळीने सांगितले.

खरी अडचण मुरबाडची होती. शहापूरच्या कचेरीत बसून लॉगिन होत असे, मुरबाडहून होत नसे, आणि मुरबाडच्या ताईंनी फोनवर जी कैफियत दिली ती शब्दशः अशी: “सर, पासवर्ड चुकीचा घातला तर ते निदान रागावतं तरी. बरोबर घातला की काहीच बोलत नाही, नुसतं फिरत बसतं.” तपासाच्या दृष्टीने याहून मोलाची साक्ष मिळणे कठीण. चुकीच्या पासवर्डावर सर्व्हर रागावतो याचा अर्थ निरोप शहापूरपर्यंत पोहोचतो आणि उत्तर मुरबाडपर्यंत परत येते. बरोबर पासवर्डावर तो रागावत नाही याचा अर्थ पासवर्ड त्याने मान्य केला आहे. म्हणजे दोष ओळख पटविण्यात नसून ओळख पटल्यानंतर जे घडते त्यात आहे. पासवर्ड पुनःपुन्हा बदलून देण्यात जे दिवस यापूर्वी खर्ची पडले होते ते या दोन वाक्यांनी वाचले असते. परंतु तक्रार करणाराचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे हा नियम यंत्रांच्या बाबतीत, आणि कचेऱ्यांच्याही बाबतीत, क्वचितच पाळला जातो.

ईलॉग पार्श्वभूमीत चालत असतो तेव्हा तो अबोल असतो. तो थांबवून, सविस्तर बोलण्याची आज्ञा देऊन समोर चालविला की आलेली प्रत्येक विनंती आणि दिलेले प्रत्येक उत्तर पडद्यावर उमटते. तसे करून मुरबाडला पुन्हा प्रयत्न करावयास सांगितले. नाव आणि पासवर्ड आले, उत्तर गेले, त्या उत्तरात ‘आता अमुक पत्त्यावर जा’ असा पुढचा रस्ता सांगितलेला होता, आणि त्यानंतर मुरबाडहून काहीच आले नाही. सांगितलेला तो पत्ता १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारा होता. असले पत्ते ज्या त्या घराच्या किंवा कचेरीच्या अंतर्गत जाळ्यापुरतेच खरे असतात. शहापूरच्या भिंतींबाहेर त्यास काही अर्थ नाही. संरचनेच्या फाइलीत ‘यूआरएल’ या ओळीत तो लिहून ठेवलेला होता, आणि लॉगिन झाल्यावर ईलॉग वापरणारास त्या ओळीतील पत्त्यावरच रवाना करतो. मुरबाडचा फोन इमानेइतबारे तो पत्ता मुरबाडमध्ये शोधीत होता.

बाहेरचे नाव त्या ओळीत घातले की मुरबाडचा प्रश्न सुटतो, पण शहापूरचा उभा राहतो. कारण पावसाळ्यात इंटरनेटची तार तुटली म्हणजे शेजारच्या फळीवरील संगणकाशी बोलण्यासाठीही बाहेरच्या नावाचा शोध घ्यावा लागतो, आणि तो लागत नाही. तेव्हा नाव एकच ठेवले आणि शहापूरच्या राउटरला समजावून ठेवले की, हे नाव आतून कोणी विचारले तर बाहेर न जाता फळीवरच्या संगणकाचाच पत्ता सांगावा. त्या दिवशी सायंकाळी मुरबाडहून टँकरच्या दोन खेपांची नोंद आली, आणि तिच्या शेऱ्यात ‘आत गेले’ एवढेच दोन शब्द होते.

यानंतर नव्या खातेदारांची नोंदणी घेऊ लागताच दुसरा अडथळा आला: अर्ज भरला जाई, पण नाव यादीत चढत नसे. ईलॉग सुरू होताना सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या रूपाने सुरू झाला तरी, सुरक्षिततेसाठी, संरचनेत सांगितलेल्या सामान्य वापरकर्त्याचा हुद्दा धारण करून काम करतो. इकडे पासवर्डची फाइल कोणीतरी सर्वाधिकाऱ्याच्या हाताने निर्माण केलेली होती. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, असा हा प्रकार; वाचावयास मोकळीक, पण फेरफार करावयास गेले की हरकत. फाइलीची मालकी ईलॉगच्या नावे करून दिली आणि नोंदणी सुरू झाली. तलाठ्याच्या दप्तरात हेच काम इतक्या लवकर उरकत नाही, हे आमच्या कचेरीत बसलेल्या एका शेतकऱ्याने आपणहून बोलून दाखविले.

घड्याळाचा घोळ मात्र मला सर्वांत रम्य वाटला, कारण तो यंत्राचा आणि या प्रदेशाच्या पावसाळ्याचा संयुक्त होता. रास्पबेरी पायच्या जुन्या नमुन्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की काळ थांबतो, आणि वीज आली की शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून तो पुढे चालू लागतो, जोवर इंटरनेटवरून खरी वेळ मिळत नाही तोवर. मुसळधार पावसात रात्री दहाला वीज जावी, सकाळी आठला यावी, आणि इंटरनेट दुपारपर्यंत येऊ नये, हे आषाढात मुळीच नवलाचे नाही. अशा सकाळी साडेआठची नोंद सर्व्हरच्या हिशेबाने आदल्या रात्री साडेदहाची ठरे आणि आदल्या दिवसाच्या फाइलीत जाऊन बसे. म्हणजे मुसळधार पावसाचा आकडाच नेमका चुकीच्या तारखेस पडे. त्यातच लॉगिनची खूण म्हणून ब्राउझरला दिलेल्या कुकीची मुदत थोड्या तासांची ठेवलेली असल्याने, फोनच्या घड्याळाने पाहता ती हाती पडण्यापूर्वीच उलटून गेलेली असे. काही ब्राउझर हा फरक पोटात घालतात, काही घालत नाहीत. जे घालत नाहीत त्यांच्यावर पासवर्ड देताच पुन्हा पासवर्डाचाच अर्ज समोर येई, तक्रारीचा एक शब्दही न उच्चारता. मुरबाडच्या दुखण्याशी हे दिसावयास जवळचे, पण निराळे: तेथे पान फिरत राही, येथे तेच पान परत येई. नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे डीएस ३२३१ जातीचे छोटे घड्याळ संगणकास जोडले, तेव्हा दोन्ही तक्रारी एकदमच थांबल्या.

बारीकसारीक गोष्टींत फार वेळ दवडीत नाही. देवनागरी शेरे नीट उमटावेत म्हणून युटीएफ-८ ही लिपिसंहिता स्पष्ट लिहिली. फोनचा कीबोर्ड नाव सुचविताना शेवटी एक रिकामी जागा चिकटवितो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जागेमुळे नाव परके ठरते, हे सर्वांना दाखवून दिले.

परंतु हे सारे सुरळीत झाल्यावर जे उरले त्यास संरचनेच्या फाइलीत ओळ नव्हती. प्रोग्राम असे गृहीत धरतो की माणूस एक, त्याचा फोन एक, त्याचा ईमेल एक. एका पाड्यावर फोन एकच होता आणि तो ज्याच्या घरी चार्जिंग होई त्याच्याकडे राही. ब्राउझरने पहिल्या वापरणाराचा पासवर्ड लक्षात ठेवल्यामुळे नंतर तीन निरनिराळ्या माणसांनी पाहिलेली विहिरीची पातळी त्याच्या एकट्याच्या नावे जमा झाली होती. लेखकाचे नाव लॉगिनवरून आपोआप भरावे आणि ते कोणास बदलता येऊ नये, अशी सोय ईलॉगमध्ये आहे, आणि ती मोठ्या अभिमानाने चालू केलेली होती. प्रयोगशाळेत ती योग्यच. येथे ती प्रामाणिक माणसांकडून खोटी नोंद करवून घेत होती. संस्थेच्या बैठकीत यावर बराच खल झाला. तरुणांचे म्हणणे, प्रत्येकास स्वतंत्र खाते द्यावे आणि बाहेर पडल्याखेरीज फोन दुसऱ्याच्या हाती देऊ नये. मुरबाडच्या वृद्ध कारकुनांचे म्हणणे असे की, सरकारी गाडीच्या लॉगबुकात गाडी खात्याची असते आणि चालक रोज सही करतो, तसे खाते पाड्याच्या नावाचे असावे आणि ‘पाहणारा’ असा एक रकाना वेगळा असावा. मला दुसरे मत ग्राह्य वाटले व तेच ठरले. पहिल्या मतात शिस्त अधिक आहे हे मान्य. पण ती शिस्त चार्जिंगच्या सोयीवर अवलंबून आहे.

नव्या खात्यांस व्यवस्थापकाची संमती लागावी म्हणून ‘सेल्फ रजिस्टर’ या ओळीत ३ हा आकडा घातला आहे. संमतीची विनंती व्यवस्थापकास ईमेलने जाते, आणि आमचे व्यवस्थापक ईमेल आठवड्यातून एकदा, शहापूरच्या बाजाराच्या दिवशी उघडतात. तेव्हा अर्ज भरला की त्यांना फोनही करावयाचा, असे कचेरीतील भिंतीवर मराठीत लिहून लावले आहे. त्याखाली कारकुनांनी, न सांगता, आपली सही केली आहे.