हुगळीकाठची मंडळी

श्रीरामपूर म्हटले की आपल्यापुढे अहिल्यानगर जिल्ह्यातले, उसाचे आणि साखरेचे श्रीरामपूर उभे राहते. परंतु मराठीच्या अभ्यासकाला आणखी एक श्रीरामपूर ठाऊक असते. ते बंगालमध्ये, हुगळीच्या पश्चिम काठावर आहे. हावड्याहून लोकलने तासाभराच्या आत तेथे जाता येते. म्हणजे आज ते कोलकात्याचे उपनगरच म्हणावयाचे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी लिपीतला मराठी-इंग्रजी कोश १८१० साली याच गावच्या छापखान्यातून बाहेर पडला. या कामी वैजनाथ पंडितांचे त्याला साहाय्य होते. वर्गात केरीचे नाव निघते ते एवढ्यापुरतेच. पण तो छापखाना चालविणारी मंडळी कोण, हे सहसा कोणी सांगत नाही.

'मंडळी' हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. मराठी ख्रिस्ती समाजात उपासकांच्या समुदायाला मंडळीच म्हणतात. इमारत निराळी, मंडळी निराळी. त्यातून बॅप्टिस्ट पंथाची तर हीच मुख्य शिकवण. त्यांच्यात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने जाणत्या वयात, आपल्या मनाने निर्णय करावा आणि मग पाण्यात पूर्ण बुडी घ्यावी. जन्माने कोणी मंडळीचा होत नाही. जन्मावरून पंगत ठरणाऱ्या समाजात ही गोष्ट केवढी अवघड असेल, याची कल्पना आपल्याला सहज येईल.

केरी मूळचा इंग्लंडमधला चांभार. १७९३ साली तो बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते. श्रीरामपूर मात्र तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथे आसरा मिळाला म्हणून १८०० च्या जानेवारीत तो सहकुटुंब त्या गावी गेला. सोबत मार्शमन पतिपत्नी आणि मुद्रक विल्यम वॉर्ड. सर्वांचे घर एक, स्वयंपाक एक, मिळकतीची पेटीही एक. हॅना मार्शमनबाईंनी त्याच वर्षी शाळा काढली. त्या घरात दुःखही होते. मुलाच्या मृत्यूनंतर केरीची पत्नी डॉरोथी हिचे मन भ्रमिष्ट झाले, ते १८०७ साली तिच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. केरीच्या विद्वत्तेचे गोडवे गाताना तिला विसरू नये.

त्यांना पहिला बंगाली सोबती मिळाला तो कृष्ण पाल नावाचा सुतार. त्याचा हात निखळला होता, तो मिशनच्या डॉ. जॉन थॉमस यांनी बसविला. पुढे २२ डिसेंबर १८०० रोजी तो आणि त्याचा मित्र गोकुळ मिशनरींच्या पंगतीला जेवायला बसले. बस्स, गावात गिल्ला झाला. जमावाने कृष्णाला ओढीत अधिकाऱ्यापुढे नेले. डॅनिश गव्हर्नरने त्याला सोडविले. गोकुळ त्या वेळी कचरला. त्याने दीक्षा घेतली ती मागाहून. कृष्णाने मात्र २८ डिसेंबरला केरीच्या मुलाबरोबर हुगळीत बुडी घेतली. काठावर युरोपियन, हिंदू, मुसलमान अशी सगळ्यांची गर्दी होती.

नाव मात्र त्याचे कृष्णच राहिले. या मंडळीने नावे बदलण्याचा आग्रह धरला नाही. कृष्णप्रसाद नावाच्या ब्राह्मणाने बाप्तिस्म्यापूर्वी आपले जानवे पायदळी तुडविले, तर वॉर्डने त्याला दुसरे घेण्यास पैसे दिले! पुढे १८०३ साली याच कृष्णप्रसादाचे कृष्ण पालच्या मुलीशी लग्न झाले. ब्राह्मण वर आणि सुताराची कन्या. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गोकुळ वारला. खांदा कोण देणार? तोवर अशा कामाला मोलाची माणसे बोलावीत. या खेपेस शवपेटीला कृष्ण पालने स्वखर्चाने पांढरी मलमल लावली आणि खांदा दिला तो मार्शमनने, केरीचा मुलगा फेलिक्सने, भैरव नावाच्या पूर्वाश्रमीच्या ब्राह्मणाने आणि पिरू नावाच्या पूर्वाश्रमीच्या मुसलमानाने. आपल्याकडे माणसाचे नाते कळते ते पंगतीला आणि खांद्याला. या दोन्ही ठिकाणी ती मंडळी उतरली.

त्यांचे सर्वच वागणे आपल्याला रुचेल असे नाही. आपल्या देवदेवतांविषयी त्यांनी कडवट लिहिले आहे, आणि मंडळीत येणाऱ्याला आप्त दुरावत, हेही खरे. परंतु त्यांची चिकाटी पाहावी. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली. टाईप, कागद, हस्तलिखिते भस्म झाली. केरी पुन्हा कामाला बसला. १८१८ साली निघालेले त्यांचे कॉलेज आजही नदीकाठी उभे आहे. १८४५ साली डॅनिशांनी गाव इंग्रजांना विकले, पुढे इंग्रजही गेले. १८२७ च्या डॅनिश सनदेच्या आधारे ते कॉलेज धर्मशास्त्राच्या पदव्या आजही देते.

कृष्ण पाल १८२२ साली पटकीने गेला, केरी १८३४ साली. कृष्णाने बंगालीत रचलेले एक भजन मार्शमनने इंग्रजीत नेले, आणि इंग्लंडच्या मंडळ्या ते गाऊ लागल्या. केरीच्या नावाचे पुतळे-पुस्तके पुष्कळ आहेत. पण आपला पहिला छापील मराठी कोश ज्या घरातून आला, त्या घरात प्रथम पाट मांडून बसण्याचे धैर्य दाखविणाऱ्या या सुताराचीही आठवण मराठी माणसाने ठेवावी.