इटलीत निघताना ‘चाव’ म्हणावं की ‘आरिवेदेर्ची’?

ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं की मोठी माणसं टोकतात, “जातो नाही, येतो म्हणावं.” इटालियन भाषेतही असाच संकेत आहे. इटलीला शिकायला किंवा फिरायला जाणाऱ्यांनी तो जाणून घ्यायला हवा.

चाव : भेटताना आणि निघताना, दोन्ही वेळी चालतं, पण मित्र आणि घरच्यांमध्येच. व्हेनिसच्या बोलीतल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘आपला दास’. आज मात्र तो सलगीचा झाला आहे. प्राध्यापकांना म्हटला, तर अरे-तुरे केल्यासारखं वाटतं.

आरिवेदेर्ची : ‘पुन्हा भेटेपर्यंत’, म्हणजे आपलं ‘येतो’. दुकानदार, शेजारी, अनोळखी व्यक्तींसाठी. एखाद्याला जास्त मान द्यायचा तर ‘आरिवेदेर्ला’.

आद्दीओ : कायमचा निरोप. आपल्या ‘जातो’सारखाच मनाला लागणारा. रोजच्या बोलण्यात टाळावा.

ग्रात्सिए : धन्यवाद. शेवटचा ‘ए’ गिळू नये. यावर ‘प्रेगो’ असं उत्तर मिळतं. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानणं परकेपणाचं वाटतं. तिथे कॉफीचा कप पुढे करणाऱ्यालाही ‘ग्रात्सिए’ म्हणायची रीत आहे.

कोणाला काय म्हणावं हे कळेना, तर निघताना ‘ग्रात्सिए, आरिवेदेर्ची’ म्हणावं. त्यात मान राखला जातो.