विचारावे कोणाला?

बिदर जिल्ह्यातील चिंताकीसारख्या सीमेवरील गावांत कित्येक घरांची बोली मराठी, सरकारी पत्रक कानडी. त्यातून विषय लैंगिक आरोग्याचा; वडीलधाऱ्यांपुढे जीभच रेटत नाही. २००७ साली महाराष्ट्राने व कर्नाटकानेही शाळांतील लैंगिक शिक्षण रोखले. शंका मात्र थोड्याच रोखल्या जातात! २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने गावचीच मुले-मुली ‘साथिया’ म्हणून शिकवून तयार करण्याची योजना आखली. एचआयव्ही एका ताटात जेवल्याने जडत नाही, असुरक्षित संबंधातून वा दूषित सुईतून जडतो, हे समवयस्काने घरच्या बोलीत सांगितले की ऐकणारा पुढचे विचारू धजतो: तपासणी केव्हा करावी? जोखमीनंतर लगेच केलेल्या तपासणीत काही आढळले नाही, तरी काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त राहते.