बोन : रुग्णालयाभोवतीचे गाव

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातले बोन हे तटबंदीचे छोटे गाव, दिजाँ शहराच्या दक्षिणेला. द्राक्षमळ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पण पर्यटकाने आधी पाहावे ते इथले जुने धर्मार्थ रुग्णालय, ओतेल-द्यू. शंभर वर्षांच्या युद्धाने होरपळलेल्या या भागात बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलाँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालाँ यांनी १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी ते स्थापन केले.

रस्त्याकडची बाजू साधी, राखाडी पाटीच्या दगडाने शाकारलेली. आतल्या चौकात मात्र लाल, पिवळ्या, हिरव्या, तपकिरी चकचकीत कौलांची नक्षी उतरत्या छपरांवर पसरलेली दिसते. आत जवळजवळ पन्नास मीटर लांबीचे दालन आहे. उलट्या ठेवलेल्या नावेसारखे त्याचे लाकडी छत, भिंतीलगत पडदे लावलेले पलंग आणि टोकाला प्रार्थनास्थळ, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यालाही प्रार्थना ऐकू येई. रोगिर व्हान डर वायडनचे ‘अंतिम न्याय’ हे बहुफलकी चित्र याच प्रार्थनास्थळासाठी काढले गेले. आता ते वेगळ्या खोलीत आहे; त्यासाठी सवड ठेवावीच.

देणगीतून मिळालेल्या मळ्यांच्या वाईनवर रुग्णालयाचा खर्च चाले. तिचा जाहीर लिलाव १८५९ पासून होतो, हल्ली नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. इथे रुग्णसेवा १९७१ पर्यंत सुरू होती. जवळच बाराव्या शतकातले नोत्र-दाम चर्च आहे, आणि तटावरून गावाला पायी फेरी मारता येते.