पोटाशी धरायचे जपानी कॅमेरे

१९५०मध्ये रिकोफ्लेक्स थ्री बाजारात आला आणि टोकियोच्या गिंझा भागात त्याच्यासाठी रांगा लागल्या. किंमत ५,८०० येन. युद्ध हरलेल्या, अमेरिकी लष्कराच्या अंमलाखालच्या देशात ही रक्कम किरकोळ नव्हती. पण दुहेरी लेन्सचा दुसरा धड कॅमेरा घ्यायचा तर याच्या कितीतरी पट मोजावे लागत.

या जातीचा मूळ पुरुष जर्मन. ब्राउनश्वाइगच्या फ्रांके अँड हायडेके कंपनीने १९२९मध्ये रोलायफ्लेक्स काढला. वरची लेन्स बघायची, खालची फोटो काढायची. वरच्या लेन्समागे तिरका आरसा, माथ्यावर दुधी काच. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालायची. चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं उलट. डावीकडे चाललेला माणूस काचेवर उजवीकडे सरकतो आणि नवशिक्या कॅमेरा नेमका नको तिकडे वळवतो. पुढे १२० मापाच्या फिल्मरोलवर बारा चौकोनी फोटो. जपानने हा साचा युद्धापूर्वीच उचलला होता, मिनोल्टाफ्लेक्स १९३७चा.

खरी गोम होती फोकसमध्ये. दोन्ही लेन्स एकाच वेळी, एकाच मापाने पुढेमागे व्हायला हव्यात, नाहीतर काचेवर स्वच्छ दिसलेला चेहरा फिल्मवर धूसर उतरतो. रोलायफ्लेक्समध्ये दोन्ही लेन्स एकाच पाटीवर असतात आणि अख्खी पाटी समांतर सरकते. सुरेख काम, पण महागडं. रिकोने लेन्सच्या कडांना दाते पाडले आणि ते एकमेकांत अडकवून टाकले. एक फिरवली की दुसरी उलट्या दिशेने फिरते, आणि आट्यांवरून दोन्ही सारख्याच बाहेर येतात. ही युक्ती जर्मनीत आधी वापरली गेली होती, पण रिकोने तिच्याभोवती सगळा कॅमेराच स्वस्त केला: दाबून घडवलेल्या पत्र्याचा डबा, तीन भिंगांची साधी लेन्स आणि शटरला बीखेरीज (बटण दाबून धराल तेवढा वेळ उघडं) तीनच वेग, १/२५, १/५० आणि १/१००. फिरत्या पट्ट्यावर जुळणी करून महिन्याला दहा हजार नग बाहेर पडू लागले. जपानी कॅमेऱ्यांच्या इतिहासात मी या डब्याला निकॉन एफच्या शेजारी बसवीन. निकॉनने जगातल्या वार्ताहरांना कॅमेरा दिला. रिकोने साध्या जपानी घरांना.

निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटिमीटरची असल्याचाही मोठा फायदा होता. एनलार्जर नसला तरी चालायचं. निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढाच प्रिंट काढला तरी त्यात माणसं ओळखू येत. पस्तीस मिलिमीटरच्या नखाएवढ्या चौकटीत ते जमत नाही.

रिकोचा खप बघून बाकीचे धावले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत भूछत्रांसारखे कारखानदार उगवले. शटर एकाकडून, लेन्स दुसऱ्याकडून, डबा तिसऱ्याकडून आणायचा आणि घरच्या खोलीत जुळवायचा. साडेचार चटयांच्या खोलीतले कारखानदार, अशी त्यांची थट्टा होई. बहुतेकांच्या नावाला ‘फ्लेक्स’चं शेपूट. इंग्रजी मुळाक्षरांतली जवळजवळ सगळी अक्षरं या नावांनी वापरून संपवली, असं संग्राहक अजून मजेने सांगतात. मालाचा दर्जा अर्थातच वर-खाली. १९५४मध्ये निर्यातीच्या कॅमेऱ्यांची तपासणी करणारी संस्था उभी राहिली. तिची सोनेरी लंबगोल चिकटपट्टी जुन्या कॅमेऱ्यांवर आजही सापडते.

पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे स्वस्त होत गेले तशी ही गर्दी ओसरली. रिकोचं राज्यही सरलं. टिकले ते थोडे. मिनोल्टाचा १९५५चा ऑटोकॉर्ड माझ्या मते या सगळ्यांत देखणा. त्यात फिल्म वरून खाली सरळ उतरते आणि चौकट ओलांडल्यावरच वळते, त्यामुळे वळणाची घडी फोटोत येत नाही.

सुवा तळ्याच्या काठी सुरू झालेल्या याशिकाने मात्र नवं काही शोधण्याच्या भानगडीत न पडता रोलायफ्लेक्सची सोय स्वस्तात विकली. १९५७चा याशिका मॅट, १९७०चा मॅट १२४ जी, आणि त्याचं उत्पादन थेट ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत. यातला ‘जी’ म्हणजे सोनं: प्रकाशमापकाच्या विजेच्या जोडांवर दिलेला सोन्याचा मुलामा. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंत आणि लग्नाच्या मांडवांत याशिका पोचला तो याच चिवटपणामुळे.

मामियाची वाट वेगळी. १९५७च्या मामियाफ्लेक्स सीमध्ये लेन्सची जोडीच काढता येऊ लागली. पुढे ५५पासून २५० मिलिमीटरपर्यंत जोड्या निघाल्या, प्रत्येकीत तिचं स्वतःचं शटर. बदलताना फिल्मवर उजेड पडू नये म्हणून आत आडवी पाटी येते. भाता लांब असल्याने अगदी जवळचंही टिपता येतं. वजन मात्र असं, की दिवसभर गळ्यात वागवल्यावर मान बोलू लागते. अमेरिकी छायाचित्रकार डायॅन आर्बसने हे ओझं वाहिलं. अशा लेन्सबदलू कॅमेऱ्यांची ही मालिका नव्वदच्या दशकापर्यंत चालली.

आज यातला एखादा घ्यायचा झाला, तर १२४ जीचा प्रकाशमापक हिशेबात धरू नका; त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. आणि ऑटोकॉर्ड हातात आला तर लेन्सखालची फोकसची तरफ आधी हलक्या बोटाने सरकवून पाहा. आतलं ग्रीस सुकून ती ताठरलेली असते आणि जोर लावला की तिचा ओतीव धातू कडकन तुटतो. ताठ लागली, तर भाव करण्याआधी ग्रीस बदलायचा खर्च विचारून घ्या.